एफएसएक्समधल्या कबचा 'पुष्पक' करतोय, पण विमान हाताला लागत नाहीये (मदत हवी)

गच्चीवरचा_पायलट

नमस्कार मंडळी, गेली तीनेक वर्षं इथे नुसता वाचत बसतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर माझे थोरले मामा सत्तरच्या दशकात फ्लाइंग क्लबात जायचे. विमान होतं पुष्पक. सोलो (एकट्याने उडवणं) झाला, पंचवीस-तीस तास भरले, मग पैसे संपले, बँकेत लागले, विषय तिथेच राहिला. पण घरात कुठलंही कार्य असू दे, जेवणं होऊन सुपारी कातरायला बसले की पुष्पकची गोष्ट निघतेच. पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी आहे, बाकी सगळे शाल-श्रीफळ देणार, माझ्या डोक्यात आलं की आपण त्यांना कॉम्प्युटरवर पुष्पक उडवायला देऊ.

आता पुष्पक मला तरी कुठे तयार मिळालं नाही. माझ्याकडे जुना पीसी आहे, त्यावर एफएसएक्स चालतं (मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा गेम, तेच २००६ वालं), आणि त्यात पायपर कब आहे. पुष्पक म्हणजे मुळात अमेरिकन एरोंका चीफचा भाऊ, पंख वर, शेपटीला चाक, म्हणजे दिसायला कबच्या जवळपास, फक्त कबमध्ये माणसं एकामागे एक बसतात आणि पुष्पकमध्ये शेजारी शेजारी. इंजिन कबचं ६५ हॉर्सपॉवर, पुष्पकचं ९०. म्हटलं नोटपॅडमध्ये एअरक्राफ्ट सीएफजी (विमानाचे सगळे आकडे असतात ती फाइल) उघडू, आकडे बदलू, झालं.

कसलं झालं. तीन आठवडे तेच चाललंय. टेकऑफला शेपूट उचलतच नाही, तिन्ही चाकांवरून विमान उडतं आणि नाक जे आभाळाकडे जातं ते जॉयस्टिक पार पुढे दाबली तरी खाली येत नाही. म्हणून पिच_स्टॅबिलिटी (नाक स्थिर धरायचा आकडा) वाढवत वाढवत २.८ केली आणि एलिव्हेटर_इफेक्टिव्हनेस (नाक वर-खाली करायचा जोर) ०.४ केली, मग जरा थांबलं, पण आता लँडिंगला शेवटी नाक उचलायचं तर उचलत नाही, दणकन आपटतं. शिवाय पुष्पकचा टॉप स्पीड ९० असं वाचलं होतं तो येत नव्हता म्हणून पॅरासाइट_ड्रॅग (हवेचा अडथळा) ०.६ केला, स्पीड आला, पण आता उतरताना विमान जमिनीपासून दोन हातांवर तरंगत अर्धी धावपट्टी खातं. आणि गेम लोड झाल्याझाल्या विमान बेडकासारखं उडी मारतं ते वेगळंच.

थोडक्यात एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाणी. कुणी यातलं जाणकार आहे का?

बाकरवडी

मामांना शाल द्या. शाल आपटत नाही.

स्क्रू_ड्रायव्हर

आधी काही प्रश्न, कारण निम्मे धागे इथेच संपतात.

१) जॉयस्टिक कुठली, रडर (नाक डावं-उजवं वळवणारा शेपटीचा भाग) कशाने मारताय?
२) रिअ‍ॅलिझमच्या पानावर ऑटोरडर (गेमच आपोआप रडर मारतो ती सोय) चालू आहे का? तिथल्या पी-फॅक्टर, टॉर्क, जायरो (पंख्यामुळे विमान ओढलं जातं ते परिणाम) या पट्ट्या कुठे आहेत?
३) मूळ फाइलची कॉपी ठेवली आहे ना?

आणि पूर्ण फाइल इथे चिकटवा, वर्णन नको.

गच्चीवरचा_पायलट

जॉयस्टिक जुनी आहे, चुलतभावाने दिलेली, दांडा पिळता येत नाही त्यामुळे रडर नमपॅडच्या शून्य आणि एंटरवर. ऑटोरडर चालू आहे. पट्ट्या सगळ्या डावीकडे.

मूळ फाइल ठेवली होती... म्हणजे एअरक्राफ्ट कॉपी नावाने ठेवली होती, पण एकदा रात्री दीड वाजता तीच उघडून त्यातच बदल करून बसलो.

फाइल खाली देतोय (नावं मराठीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत आहेत, महत्त्वाचा भाग तेवढाच):

रिकामं वजन = ८७०
रिकाम्या वजनाचा सीजी (गुरुत्वमध्य) = ०, ०, ०
स्टेशन_लोड.० = १७०, -२.६, -०.७५, ०
स्टेशन_लोड.१ = १७०, -२.६, ०.७५, ०
क्रूझ_लिफ्ट = १.०
पॅरासाइट_ड्रॅग = ०.६
एलिव्हेटर_इफेक्टिव्हनेस = ०.४
पिच_स्टॅबिलिटी = २.८
पॉवर_स्केलर = १.३८

पंखांचं क्षेत्रफळ १७५ चौरस फूट आणि लांबी ३६ फूट केली आहे, बाकी सगळं कबचं तसंच.

स्क्रू_ड्रायव्हर

रात्री दीड वाजता कुणीही सीएफजी फाइलला हात लावू नये, हा नियम मी स्वतः चार वेळा मोडलाय त्यामुळे बोलत नाही.

आता असं करा. गेम पुन्हा टाकून कबची मूळ फाइल मिळवा. पूर्ण फोल्डरची कॉपी करा, नवीन फोल्डरला नवीन नाव, आणि आत टायटलची ओळ आहे तीही बदला, दोन विमानांचं टायटल एकच असेल तर गोंधळ होतो. मूळ कबला पुन्हा शिवायचं नाही, ती तुलनेला लागेल. गेम जर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला असेल तर विंडोज कधीकधी तुमची बदललेली फाइल भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवतं, तुम्हाला वाटतं सेव्ह झालं आणि गेम मात्र जुनीच वाचतो. त्यामुळे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर असलेलं बरं.

कंट्रोल्सच्या यादीत 'एअरक्राफ्ट रीलोड' असं एक काम आहे, त्याला कुठलंच बटण दिलेलं नसतं, ते द्या. मग आकडा बदलायचा, सेव्ह, बटण दाबायचं, बदल हवेतल्या हवेत दिसतो. नाहीतर प्रत्येक वेळी गेम बंद-चालू करत बसाल, म्हातारे व्हाल.

आणि विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाइप करा. दांडा सोडून द्या आणि ते अधिकचं चिन्ह बघा, मधोमध स्थिर आहे का ते सांगा.

गच्चीवरचा_पायलट

बघितलं. चिन्ह मधे नाहीये, जरा खाली बसतं, आणि मधूनच थरथरतं. खाली म्हणजे दांडा ओढल्यासारखा ना??

स्क्रू_ड्रायव्हर

हो. म्हणजे तुम्ही हात काढून घेतला तरी विमानाला कोणीतरी सतत थोडं ओढतंय. आतला पॉट (दांडा कुठे आहे ते मोजणारा भाग) झिजलाय किंवा धुळीने भरलाय. कॅलिब्रेट करा, तरी थरथरलं तर एफएसएक्सच्या सेन्सिटिव्हिटीच्या पानावर नल झोन थोडा वाढवा, फार नाही, नाहीतर दांडा मधे मेल्यासारखा होतो आणि लँडिंगला नेमकी तिथलीच बारीक हालचाल लागते. खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर मारलात तर अजून वर्षभर जाईल. पण तुमचा मुख्य आजार हा नाही. विमानाचं वजन कुठे बसलंय ते बघायला हवं, तन्वीताई आहेत का?

तन्वी_के

आहे. परीक्षा चालू आहे म्हणून लपून बसले होते, पण हे बघून राहवेना :)

(एरोनॉटिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, विमान स्वतः उडवलेलं नाही, आधीच सांगते.)

दादा, तुमच्या दोन स्टेशनच्या ओळी बघा. पहिला आकडा वजन पौंडात, दुसरा पुढे-मागे, तिसरा डावं-उजवं, चौथा वर-खाली, सगळं फुटांत. एफएसएक्समध्ये पुढे म्हणजे अधिक आणि मागे म्हणजे उणे. (फ्लाइटगिअर या दुसऱ्या गेमच्या जेएसबीसिममध्ये बरोब्बर उलटं, मागे अधिक, आणि इंचांत. मी एकदा तिथलं इथे आणून विमानाचा नांगर केला होता.) तुम्ही माणसं शेजारी शेजारी बसवलीत, पाऊण फूट डावीकडे आणि पाऊण फूट उजवीकडे, ते झकास. पण -२.६ हा आकडा कबच्या मागच्या सीटचा तसाच राहिला. म्हणजे दोघंही जण मागच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेत आणि पुढे कोणीच नाही.

आता हिशोब करू. डेटम (मोजायचा शून्य बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर आहे असं धरते.

रिकामं विमान ८७० × ० = ०
दोन माणसं ३४० × -२.६ = -८८४
पेट्रोल समजा ८० पौंड × ० = ०
एकूण वजन १२९०
-८८४ भागिले १२९० = -०.६९ फूट, म्हणजे सव्वाआठ इंच मागे

पंखाची सरासरी रुंदी १७५ भागिले ३६ म्हणजे ४.८६ फूट. त्याच्या मानाने ०.६९ म्हणजे १४ टक्के. २५ टक्क्यांवर असायचा सीजी तुमच्याकडे ३९ टक्क्यांवर गेलाय. अशा विमानात तो इतका मागे गेला की नाक वर गेलं की ते अजून वरच जायला बघतं, शेपटीला ते खाली आणायचा जोरच उरत नाही. टेकऑफला शेपूट न उचलण्याचं कारणही तेच. तुम्ही पिच_स्टॅबिलिटी २.८ करून त्याला जबरदस्तीने सरळ धरलंत आणि एलिव्हेटर ०.४ करून हात बांधलेत, मग लँडिंगला नाक कसं उचलेल बिचारं.

-२.६ च्या जागी -०.५ टाका. ३४० × -०.५ = -१७०, भागिले १२९०, जेमतेम दीड इंच मागे, सीजी २८ टक्क्यांच्या आत. आणि ते दोन्ही आकडे परत १.० करा. मग बोलू.

बाकरवडी

दोघंही मागच्या बाकावर आणि गाडी चालवायला कोणी नाही. आमच्या ऑफिसचं वर्णन इतकं नेमकं आजवर कोणी केलं नव्हतं.

न्यूजर्सीकर

लोकहो, २००६चा गेम कशाला उकरताय? एक्स-प्लेन १२ घ्या. त्यात असे स्केलर-बिलर नाहीत, पंखाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचा जोर प्रत्येक क्षणी काढतात, त्यातल्या प्लेन मेकरमध्ये आकार बरोबर काढला की हँडलिंग आपोआप जवळपास येतं. किंवा मायक्रोसॉफ्टचा नवीन घ्या. एफएसएक्समध्ये स्टॉल (वेग पडून पंखांचा आधार सुटणं) धड नाही, स्पिन (गिरक्या घेत पडणं) धड नाही, काय उडवणार?

स्क्रू_ड्रायव्हर

मुद्दा मान्य, पण त्यांच्याकडे जुना पीसी आहे आणि एक महिना आहे. प्लेन मेकरमध्ये अख्खं विमान काढायचं म्हणजे पंचाहत्तरीची शंभरी होईल. आणि सीट चुकीच्या जागी टाकली तर तिथेही नाक आभाळातच जाणार, फक्त जास्त अचूकपणे जाईल.

न्यूजर्सीकर

हाहा, ते खरं.

जुना_पंखा

हा धागा नातवाने दाखवला. मी स्वतः पुष्पकवर शिकलो आहे, म्हणून दोन शब्द.

पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं, बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलं, म्हणजे आताचं एचएएल. डिझाइनचे प्रमुख आपले विष्णू माधव घाटगे, ज्यांनी जर्मनीत गटिंगेनला वायुगतीशास्त्रातल्या खुद्द प्रांटलच्या हाताखाली पीएचडी केली होती. दीडशेच्या वर पुष्पक बनली आणि देशभरच्या क्लबांना गेली. त्याचंच मोठं भावंड म्हणजे कृषक, ते पुढे लष्कराने वापरलं. हे सगळं अवांतर.

तुमच्या यादीत एक गोष्ट मला खटकली ती म्हणजे ऑटोरडर. ते काय असतं ते नातवाने समजावलं आणि मला हसू आलं. पुष्पक म्हणजे पायाने उडवायचं विमान. नुसतं हाताने डावीकडे वळवायला गेलात तर नाक आधी उजवीकडे जातं आणि मग अनिच्छेने डावीकडे येतं. आमचे मास्तर शेजारी बसलेले असायचे आणि समोरचा बॉल (विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणारा) नळीच्या बाहेर गेला की ते काही बोलत नसत, नुसता त्यांच्या बुटाचा टोला माझ्या बुटाला बसायचा. तुमच्या मामांनाही तो टोला आठवत असेल. ऑटोरडर चालू ठेवून त्यांना बसवलंत तर ते दोन मिनिटांत म्हणतील की हे पुष्पक नव्हे.

टेकऑफला विमान डावीकडे ओढतं का? ओढायला हवं. उजवा पाय हवाच. गंमत म्हणजे टायगर मॉथवर शिकून आलेली जुनी मंडळी उलटा पाय मारायची, कारण मॉथचा पंखा उलट फिरतो.

गच्चीवरचा_पायलट

काका, दंडवत! आणि मला तुम्ही नका म्हणू हो, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

तन्वीताई, -०.५ टाकलं, बाकी १.० केलं, आणि काय सांगू, शेपूट उचललं!!! मी खुर्चीतून उठलो तर बायको म्हणाली काय झालं, म्हटलं शेपूट उचललं, ती म्हणाली कुणाचं.

ऑटोरडर बंद केलं, पट्ट्या सगळ्या उजवीकडे नेल्या, आणि पहिल्याच टेकऑफला डावीकडे गवतात गेलो. नमपॅडने रडर मारणं फार अवघड आहे, एकेक टिचकी मारावी लागते आणि मधे पाच दाबून सरळ करावं लागतं. मामांना हे जमणार नाही. दांडा पिळता येणारी जॉयस्टिक मित्राकडून आणतोय.

अजून दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हवेत सोडून दिलं की नाक हळूहळू वर जातं, मग खाली येतं, परत वर, असं झोपाळ्यासारखं करत राहतं, तो दोष आहे का? दुसरं म्हणजे पुण्याहून उडवतोय तर चढतच नाही, ९० हॉर्सपॉवरचं कसलं, रिक्षा वाटते.

तन्वी_के

झोपाळा किती वेळाचा आहे ते घड्याळ लावून बघा. ताशी ६५ मैलांवर ट्रिम करा (म्हणजे हात सोडला तरी विमान तसंच राहील असं बसवा), दांडा जरा ओढून स्पीड १० मैल कमी करा आणि सोडून द्या. एक फेरी, म्हणजे वर जाऊन खाली येऊन परत वर, साधारण १३ सेकंदांची आली तर ते बरोबर आहे, त्याला फ्युगॉइड म्हणतात, खऱ्या विमानातही असतो. स्पीडवर अवलंबून असतो तो, विमान कुठलंही असो जवळजवळ सारखाच येतो. पण नाक सेकंद-दोन सेकंदांत भराभर डोकं हलवत असेल आणि थांबत नसेल तर मात्र काहीतरी चुकलंय, तेव्हा सीजी, एमओआय नाहीतर तुमची थरथरती जॉयस्टिक यांच्याकडे बघायचं.

एमओआय म्हणजे विमानाची फिरायची सुस्ती समजा. त्यासाठी एफएसएक्सच्या एसडीकेमध्येच (विमानं बनवणाऱ्यांसाठीची माहिती) अंदाजाचं सूत्र दिलंय: रिकामं वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले एक ठराविक आकडा. पिचला (नाक वर-खाली) विमानाची लांबी आणि ८१०, रोलला (कलंडणं) पंखांची लांबी आणि १८७०, यॉला (नाक डावं-उजवं) दोघांची सरासरी आणि ७७०. पुष्पकची लांबी २१ फूट धरून काढलं तर पिच ४७४, रोल ६०३, यॉ ९१८. गंमत बघा, कबचंही पिच ४७४च येतं, वजन कमी पण लांबी जास्त. रोल मात्र ५०८ वरून ६०३, म्हणजे पुष्पक कबपेक्षा जरा आळसाने कलंडणार. एवढे तीन आकडे टाका, आणि हे अंदाजाचे आहेत, वेद नव्हेत.

स्क्रू_ड्रायव्हर

चढण्याचं मी सांगतो. हवामान कुठलं लावलंय? पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १९४२ फूट. मे महिन्यातली दुपार ३८ अंश लावली असशील तर विमानाच्या दृष्टीने ते ५२०० फुटांवर उभं आहे. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान ११ अंश, तू २७ अंश वर, प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट, धर हिशोब. हवा विरळ, इंजिन साधं, टर्बो नाही, मिक्स्चर तू पूर्ण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवलं असणार. मग रिक्षाच वाटणार, आणि खऱ्या पुष्पकातही वाटली असती.

टेस्ट करताना पुणं नको, जुहू घे, समुद्राला लागून. १५ अंश, हवेचा दाब १०१३, वारा शून्य. तिथे आकडे जुळले की मग पुण्यात जा आणि काय मिळेल ते मुकाट घे. बऱ्याच जणांची विमानं अशीच बिघडतात, भर उन्हात टेस्ट करायची, चढत नाही म्हणून पॉवर वाढवायची, मग थंडीत तेच विमान रॉकेट.

बाकरवडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तन्वी_के

पॉवर_स्केलरचं राहिलंच. तो १.३८ काढा, १.० करा, आणि इंजिनच खरं टाका. कबचं ए-६५ म्हणजे १७१ घन इंच, २३०० आरपीएमला ६५ हॉर्सपॉवर. पुष्पकचं कॉन्टिनेंटल सी-९० म्हणजे २०१ घन इंच, ७:१ कॉम्प्रेशन, २४७५ आरपीएमला ९०. फाइलमध्ये एका सिलिंडरचा आकडा लागतो, सिलिंडर चार, म्हणजे ५०.२. आरपीएम आणि हॉर्सपॉवरच्या ओळीही बदला.

आणि दादा तो ९० चा स्पीड, तो कशात वाचलात आणि कशावर मोजलात?

गच्चीवरचा_पायलट

वाचला तो ताशी १४५ किलोमीटर, म्हणजे ९० मैल. मोजला शिफ्ट झेड दाबून वर जे लाल अक्षरात येतं त्यावर.

...

थांबा. ते नॉट्समध्ये असतं का?

स्क्रू_ड्रायव्हर

😂

तन्वी_के

हो :) ९० मैल म्हणजे ७८ नॉट. तुम्ही ७८ ला आधीच पोचला असणार, मग अजून १२ नॉट मिळवायला ड्रॅग ०.६ केलात. अर्धी धावपट्टी तरंगण्याचं कारण तेच, विमान थांबवायला हवाच उरली नाही. ड्रॅग परत १.० वर आणा आणि आता कितीला पोचतं ते बघा, २-३ नॉटचा फरक असेल तरच ०.९५ वगैरे करा.

क्रूझ_लिफ्टला हात लावला नाहीत ते फार बरं केलंत. स्टॉल तपासायचा असेल तर कबचा ३८ मैलांचा आकडा घ्या, वजन १२२० वरून १३५० झालं आणि पंख किंचित लहान, वर्गमूळ काढलं की साधारण ४० मैल येतात. पूर्ण वजनाला त्याच्या आसपास पडलं तर पंख बरोबर आहेत.

जुना_पंखा

स्टॉलला पुष्पक सभ्य होतं. अंग थरथरायचं, मग नाक खाली टाकायचं, तेही सावकाश.

एक शंका. मी काल नातवाच्या दांड्यावर बसून बघितलं. ट्रिम केल्यावर दांडा आपोआप मधेच येतो, हे विचित्र वाटतं. खऱ्या विमानात नाक खाली ठेवायला दांडा जिथे धरला असेल तिथेच तो ट्रिम केल्यावर राहतो, फक्त हाताचा जोर जातो. इथे जोर गेला की दांडाही निघून जातो.

स्क्रू_ड्रायव्हर

काका, अगदी मुळाला हात घातलात. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, तिला विमानातल्या हवेचा काही पत्ता नसतो, ती सदैव मधेच ओढते. त्यामुळे इथे ट्रिम करायची रीत वेगळी: दांडा हवा तिथे धरायचा, ट्रिम एकेक टिचकी द्यायची आणि त्याच्याबरोबर दांडा इंचाइंचाने मधे सोडत आणायचा. नवीन माणूस दांडा न सोडता ट्रिम देतो, विमान उसळतं, मग तो ट्रिमचा आकडा कमी करत बसतो. फाइलमध्ये यावर औषध नाही. फोर्स फीडबॅकवाला (हवेचा जोर हाताला जाणवून देणारा) दांडा असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याची किंमत विचारू नका.

बेडकाचं सांगायचं राहिलं. कॉन्टॅक्ट पॉइंट्सच्या भागात शेवटी दोन ओळी आहेत, स्टॅटिक_पिच आणि स्टॅटिक_सीजी_हाइट. लोड होताना गेम विमानाला त्या उंचीवर आणि त्या कोनात ठेवतो. तू वजन आणि सीजी बदललास, पण हे आकडे जुनेच, त्यामुळे ते जुळत नाहीत, आणि उंची कमी पडली की चाकं जमिनीत रुतून सुरुवात होते आणि स्प्रिंग त्याला बाहेर फेकते. उंची पाव पाव इंचाने बदल (आकडा फुटांत आहे, म्हणजे ०.०२), उडी मारतंय तोवर वाढव, वरून धप्पकन पडायला लागलं की थोडी कमी कर.

गच्चीवरचा_पायलट

मंडळी, अपडेट.

दोन रात्री गेल्या. बेडूक बसला, ०.०६ वाढवल्यावर. स्टॉल ४१ मैलांना. टॉप स्पीड ७७ नॉट, ड्रॅग १.० लाच, काहीही न करता. झोपाळा १३ नाही पण १४ सेकंदांचा आला, तन्वीताई चालेल ना? शेवटी फाइलमध्ये स्केलर सगळे १.० आहेत, फक्त रडर ०.९ केलाय कारण पिळायच्या दांड्यावर जरा जास्तच चळवळतं. म्हणजे तीन आठवडे मी जे काही वाढवलं-कमी केलं होतं त्यातलं काहीच राहिलं नाही.

आणि एक, कलताना नाक उलटीकडे जातं ते अजून कमी वाटतंय, काका म्हणतात तेवढं नाही. ते कुठे असतं?

तन्वी_के

१४ पळेल.

उलटं नाक सीएफजीमध्ये नाही, एअर फाइलमध्ये आहे, रेकॉर्ड ११०१. ती नोटपॅडने उघडत नाही, एअरएड म्हणून जुनं टूल आहे ते लागतं. पण तिथे एका आकड्याने दहा गोष्टी हलतात. पंचाहत्तरी होऊ दे, मग हात घाला. माझाही पेपर आहे उद्या.

स्क्रू_ड्रायव्हर

+१. आता शिवू नको.

गच्चीवरचा_पायलट

पंचाहत्तरी झाली. सगळ्यांना सांगायलाच हवं.

जेवणं झाल्यावर मामांना आतल्या खोलीत नेलं. जुहू, सकाळ, वारा शून्य. ते बसले, चष्मा बदलला, दोन मिनिटं नुसतं बघत होते. मी इंजिन चालू करायला कंट्रोल ई दाबणार तर म्हणाले, थांब, पंखा कोण मारणार? स्टार्टर नव्हता आमच्यात. मग माझ्या मुलीने स्क्रीनसमोर उभं राहून हात फिरवला, "कॉन्टॅक्ट" ओरडली (हे तिला त्यांनीच शिकवलं) आणि मी हळूच बटण दाबलं.

टेकऑफ नीट झाला. मी मागून रडर रडर म्हणत होतो तर म्हणाले तू गप्प बस. धावपट्टीभोवती एक सर्किट मारलं, वळताना बॉल मधे होता, खरं सांगतो, माझा कधीच नसतो. लँडिंगला तीनदा उड्या मारल्या, त्यावर काही बोलले नाहीत. मी वाट बघत होतो की हँडलिंगबद्दल काय म्हणतात.

म्हणाले, सगळं ठीक आहे, पण मी डावीकडे बसायचो, तू मला मधे का बसवलंयस?

जुना_पंखा

बरोबर आहे त्यांचं. मास्तर उजवीकडे.

स्क्रू_ड्रायव्हर

वजनं शेजारी शेजारी नेलीस आणि डोळे कबच्या मधल्या सीटवरच ठेवलेस. व्ह्यूजच्या भागात आयपॉइंटची (डोळे कुठे आहेत त्याची) ओळ आहे, तीन आकडे, मधला डावं-उजवं. -०.७५ टाक.

गच्चीवरचा_पायलट

टाकलं. कबची केबिन अरुंद आहे ना, डोकं खिडकीच्या काचेला टेकतंय. मामांना विचारलं, ते म्हणाले चालेल.